शेवाळ्याचे बूट

आमच्या गल्लीत पुराचं पाणी पुढून येत नाही, मागून येतं. नदी पुढं आहे. सगळं गाव ती बघायला घाटाकडं जातं, कठड्याला टेकून भाजलेलं कणीस खात उभं राहतं. पाणी मात्र घरांच्या पाठीमागच्या नाल्यातून चढतं. नदी फुगली की नाल्याला तिच्यात शिरता येत नाही, मग तो उलटा फिरतो आणि मुकाट्यानं मागच्या दाराशी येऊन बसतो. आधी मोरीत आवाज येतो, कुणीतरी जमिनीखाली बसून गुळण्या करत असल्यासारखा. यंदा श्रावण लागला आणि हा आवाज माझ्या मोरीत चार दिवस येत राहिला. ते चारही दिवस मी फोनवर एक जुना पिक्चर बघत होतो. आवाज बंद करून. बायको म्हणाली, "त्यातलं मेलं काय बघताय सारखं? राक्षस कसला, गोधडी पांघरलेला माणूस हाय त्यो."

खरंच होतं तिचं. पिक्चर परदेशातला, हिंदीत बोलवलेला, आणि काढणाऱ्याकडं पैसे नसावेत हे पहिल्याच मिनिटाला कळतं. एका चित्रकथेवरून काढलेला. धरणाच्या तळाशी झोपलेलं एक हिरवं धूड जागं होतं आणि गावातल्या माणसांना एकेक करून ओढून नेतं. धूड म्हणजे फोमचा अंगरखा, वर हिरवा रंग आणि लोंबणाऱ्या सुतळ्या. पाठीला चेन, ती उन्हात चमकते. कोपर वाकवलं की फोमला घड्या पडतात. गावातली माणसं कायम पुढं तळ्याकडं बघत उभी असतात आणि तो कायम मागून येतो. इतक्या वेळा मागून येतो की एकानंही एकदा मान वळवू नये याचा आम्हाला राग यायचा. आख्खी गल्ली पडद्याकडं बघून ओरडायची, "मागं बघ की लेका! मागं!"

आमच्या गल्लीनं त्याचं नाव ठेवलं होतं शेवाळ्या.

शेवाळ्याला गल्लीत आणलं मल्लूआण्णांनी. आण्णांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं पुस्तकं द्यायची लायब्ररी होती. दोरीवर आडवी टांगलेली चित्रकथांची पुस्तकं, जुन्या कागदाचा आणि उदबत्तीचा मिसळलेला वास, आणि गळ्यात लिंग, कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसलेले आण्णा. शेवाळ्याची चित्रकथा मी तिथंच वाचली होती. पुढं लोकांनी पुस्तकं वाचायची सोडली, आण्णांनी लायब्ररी बंद केली, आणि कुठूनतरी त्या चित्रकथेवरच्या पिक्चरची सीडी मिळवली. तोवर मी गल्लीचा केबलवाला झालो होतो. माझ्या माडीवरच्या खोलीत मशीन, गच्चीवर छत्री आणि तीन गल्ल्यांत फिरवलेल्या काळ्या वायरी. आमचं स्वतःचं एक चॅनेलही होतं. त्यावर वाढदिवस, हरवलेली म्हैस, गणपतीचं विसर्जन, आणि पावसाळ्यात कामधंदे बंद पडले की शेवाळ्या. सकाळीच आण्णांचा फोन यायचा. "बाबू, आज लाव की रं त्येला."

त्या पिक्चरमध्ये एक जागा आहे. शेवटाकडं शेवाळ्या तळ्याच्या काठावरून चालत येतो, कॅमेरा जरा खाली घसरतो आणि त्याच्या हिरव्या पंजांच्या खाली चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट दिसतात. लेस बांधलेले. सगळ्यात पहिल्यांदा ते आण्णांनी हेरलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. तेव्हापासून रिवाज पडला. बूट दिसले की घराघरात ताटं वाजवायची. उलथनं, पळी, हातात असेल ते. एरवी पावसाच्या आवाजाखाली दबलेली गल्ली तेवढी पाच-दहा सेकंद अशी काही दणाणायची की नदीकाठची कुत्री भुंकायला लागायची.

आण्णांच्या घरात ताट वाजवायच्या त्यांच्या मंडळी, शांताकाकू. त्या निपाणीकडच्या, बोलताना निम्मं कानडी यायचं. अर्धांगाचा झटका आला आणि मराठी-कानडी दोन्ही गेलं. उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताशी आण्णांनी स्टीलचं फुलपात्र ठेवलं होतं. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की त्या ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायच्या. बूट दिसून गल्ली दणाणली की पण वाजवायच्या. आण्णांची खुर्ची टीव्हीसमोर, काकूंचा पलंग त्यांच्या पाठीमागं आडवा. मान एकाच बाजूला वळायची, त्यामुळं टीव्ही त्यांना धड दिसत नसे. मागचं दार दिसायचं.

आता पट्टीचं सांगतो. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात आमच्या चॅनेलवर तळाला एक पट्टी फिरायची. तिच्यावर मी दर तासाला पाण्याची पातळी टाकायचो, बंधाऱ्यावर किती फूट, नाल्याच्या पुलाला किती. पुलाजवळ माझा दोस्त सदा राहायचा, तो बघून फोन करायचा. पट्टी पांढरी असेल तर निवांत. पिवळी झाली की गाद्या, धान्य, कागदपत्रं माळ्यावर. लाल झाली की माणसं तालमीच्या माडीवर. हे रंग मी ठरवले होते. तालमीतल्या पोरांना मी सांगून ठेवलं होतं की लाल बघितलं की कुणाला विचारत बसायचं नाही, आधी आण्णांचं घर गाठायचं, कारण ते नाल्याला सगळ्यात जवळ, आणि काकूंना उचलायला चार जण लागतात. आण्णांचा मुलगा महादेव शिरोलीत फौंड्रीत कामाला. पुरात हायवेवर पाणी आलं की तो तिकडंच अडकायचा. म्हणजे काकूंचा सगळा भार त्या पट्टीवर होता. मला याचा अभिमान होता, हेही लिहून टाकतो. पानपट्टीवर लोक म्हणायचे, "बाबूच्या पट्टीवर गल्ली चालती." ते ऐकायला मी उगाच पानपट्टीवर जायचो.

मग एका वर्षी माझी पट्टी चुकली. मी लाल केली, पोरांनी काकूंना पलंगासकट उचलून तालमीच्या माडीवर नेलं, आणि पाणी आण्णांच्या मागच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परत गेलं. मागच्या दारातून नाल्याकडं पाच पायऱ्या उतरतात. पाणी खालच्या दोन पायऱ्या बुडवून थांबलं. काकू दोन दिवस पैलवानांच्या त्या माडीवर, उघड्यावर. मध्ये एक चादर धरायची आणि आण्णांनी त्यांचं सगळं करायचं. बोलता येत नव्हतं, पण पदर तोंडावर ओढून घ्यायचा प्रयत्न करत होत्या, एका हातानं. मी बघितलं ते.

घरी परतल्यावर आण्णा मला म्हणाले, "म्हातारीला उगा चव्हाट्यावर नेऊन ठेवलंस की रं. पुढच्या टायमाला खात्री कर, मग रंगव तुझी पट्टी."

पानपट्टीवर तर वर्षभर चाललं. "काय लालपट्टी, आज कंचा कलर?" "होळीला ह्येलाच बोलवा रं!" मीही हसायचो.

त्याच्या पुढच्या श्रावणातली एक दुपार. वीस वर्षं होऊन गेली तिला. शाळा बंद, गडमुडशिंगीकडचं दूध तीन दिवस आलेलं नाही, सगळ्यांच्या घरी कोरा चहा. हवेत ओल्या पोत्यांचा वास. महादेव शिरोलीत अडकलेला. पट्टी सकाळी पिवळी केली होती, गाद्या माळ्यावर गेल्या होत्या, आणि गल्ली रिकाम्या फरशीवर चटया टाकून शेवाळ्या बघत बसली होती. पिक्चर शेवटाकडं आला आणि आण्णांचा फोन आला.

"बाबू, पट्टी काढ की रं जरा! बुटाचा सीन आला. तुझ्या पट्टीखाली बूट झाकून जात्यात."

मी पट्टी काढली. दोन मिनिटांसाठी काढली.

लगेच दुसरा फोन, सदाचा. मागं पावसाचा आवाज, तो ओरडूनच बोलत होता. "नाला मागं फिरलाय! लई जोरात चढतंय, पुलाच्या कमानी बुडाल्यात. लाल कर!"

मी विचारलं, "खात्री आहे का?"

"खात्री काय इचारतोस? डोळ्यानं बघतोय की हितं!"

"बरं. करतो."

माझा हात कीबोर्डवर होता. रंग बदलायला एक बटण लागायचं. समोर मॉनिटरवर शेवाळ्या काठावर आला होता. मी काय विचार केला ते मला अक्षरशः आठवतं, कारण त्यानंतर रोज आठवलेलं आहे. मी असा विचार केला की आत्ता लाल पट्टी टाकली तर बूट झाकले जातील, गल्ली शिव्या घालेल, आणि पाणी परत दोन पायऱ्यांवर थांबलं तर मला ही गल्ली सोडून जावं लागेल. पिक्चर दहा मिनिटांत संपतोय. संपला की टाकू.

बूट दिसले. गल्ली वाजली. ताटं, उलथनी, कुणीतरी पत्र्याचा डबा. मी एकटाच खोलीत हसलो. ताटं थांबली. आणि आण्णांचा पुन्हा फोन आला, खूश होऊन.

"बघितलास का? लेस सुटल्या एका बुटाची! आज दिसलं मला." ते हसत होते. त्यांच्या हसण्याच्या मागं फुलपात्र वाजत होतं. लोखंडावर स्टील. टण, टण, टण. "ऐक, काकू पण थांबंना तुझी. लई आवडला बघ तिला आज." मग सहज विचारल्यासारखं, "पाणी किती हाय रं? पट्टी न्हाय म्हणून इचारतो."

मी म्हणालो, "आहे तिथंच आहे, आण्णा. बसा निवांत."

गल्लीतलं शेवटचं ताट थांबून मिनिट होऊन गेलं होतं. ते फुलपात्र थांबत नव्हतं. मी ते ऐकलं आणि फोन ठेवला.

नंतर जे झालं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. काही मिनिटांतच लाईट गेली. पाणी चढलं की वीजवाले डीपी बंद करतात, तशी केली. पिक्चर तिथंच थांबला. मग मोऱ्यांमधून पाणी वर आलं, कारंजं उडावं तसं, आणि पाठोपाठ मागच्या दारांच्या फटींतून. मी जिना उतरून धावत सुटलो तोवर आमच्या दारात घोटाभर होतं, आण्णांच्या दारात मांडीएवढं. तालमीतली पोरं हाका ऐकून आली. आण्णा पाण्यात उभे राहून पलंगाचा एक पाय उचलायची धडपड करत होते. चौघांनी पलंग उचलला, मी डोक्याकडची बाजू धरली. काकूंचं लुगडं छातीपर्यंत भिजलं होतं. फुलपात्र डाव्या मुठीत घट्ट होतं. ते आता वाजत नव्हतं. त्या माझ्याकडं बघत होत्या, खालून वर. मी त्या नजरेचा खूप अर्थ लावत बसलोय इतकी वर्षं. कदाचित काहीच नसेल त्यात. थंडी असेल.

तालमीच्या माडीवरच त्यांना ताप भरला. तिथून दवाखाना. आठवड्याभरात गेल्या.

पूर ओसरला, घराघरात गुडघाभर गाळ, भिंतींवर पाण्याची तपकिरी रेघ. लोक आण्णांना भेटायला यायचे आणि एकच वाक्य बोलून जायचे: पुरानं नेलं. आण्णाही तेच म्हणायचे. कुणीतरी म्हणालं, लाईट गेली नसती तर बाबूची पट्टी लाल झालीच असती. मी तिथंच बसलो होतो. चहाचा कप हातात होता. मी मान हलवली. खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही. सदा ऐकून गप्प बसला. त्यानं मला कधीच काही विचारलं नाही, हळूहळू बोलणं तोडलं. केबलचा धंदा मी पुढच्या वर्षी विकला. लोकांना सांगितलं, आता डिश आली, यात काही राहिलं नाही. तेही लोकांना पटलं.

आण्णांकडं मात्र मी जात राहिलो. दर रविवारी. बल्ब बदलून दे, गोळ्या आणून दे, बिल भरून ये. महादेव म्हणायचा, "बाबूकाका, तुम्ही हाय म्हणून मी शिफ्टला बिनघोर जातो." सून बशी भरून चहा द्यायची. भिंतीवर काकूंचा फोटो, त्याच्या बरोबर खाली ती रेघ. दोनदा रंग दिला भिंतीला, आण्णांनी रेघेवर रंग मारू दिला नाही. शेवाळ्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

आणि यंदा तो फोनवर दिसला. स्वच्छ, धुऊन काढल्यासारखा. आमच्या घासलेल्या सीडीवर कधी दिसलं नव्हतं असं बरंच त्यात दिसतं. चेनचे दात मोजता येतात. चार दिवसांत मी तो बुटाचा तुकडा मागं-पुढं करत किती वेळा बघितला, सांगता येत नाही. काल सकाळी त्यात एक गोष्ट ध्यानात आली. काठावरून चालत येणारा शेवाळ्या पाण्यात उतरायच्या आधी थांबतो. क्षणभरच. पाय पुढं करतो, बुटाचं टोक पाण्याला लावतो, परत घेतो. हे गोष्टीत नाही. राक्षस पाण्यातलाच आहे, त्याला कसली भीती? हे त्या अंगरख्यातल्या माणसाचं आहे. कुठल्यातरी थंडगार तळ्याकाठी उभा केलेला कुणी भाडोत्री नट, डोळ्यांवर फोम, खाली काय आहे दिसत नाही. त्यानं आधी बघून घेतलं. एवढंच. तेवढं त्यानंही केलं.

मी फोन खिशात घातला आणि आण्णांकडं गेलो. रविवार नव्हता.

दुपारचे तीन वाजले असतील. महादेव शिरोलीला, सून माहेरी शिरोळला भावजयीच्या बाळंतपणाला गेलेली. आण्णा एकटेच खुर्चीत. आता ऐंशीच्या पुढं आहेत, पाय गेलेत, जीभ शाबूत आहे. मला बघून म्हणाले, "आज कसा काय रं? कोण मेलं का?"

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो, फोन त्यांच्यापुढं धरला आणि पिक्चर लावला. चेन दिसताच त्यांनी ओळखलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला. बुटाचा सीन आला, गेला. आण्णांनी बोट पुढं केलं आणि फोनच्या तळाला, काचेवर ठेवलं.

"हितं पट्टी असायची," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. सदाचा फोन, माझं बटण, माझं उत्तर, सगळं. आडवळणानं सांगायचं नाही असं ठरवून गेलतो, तरी मध्ये एकदा लाईटवर जायला बघितलंच. परत मागं आलो. "लाईट नंतर गेली, आण्णा. तुम्ही पाणी विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. ते फुलपात्रही मला ऐकू येत होतं."

खोलीत मोरीचा आवाज येत होता. गुळण्या. आण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"वीस वर्सं माझ्या दारात बसून च्या प्यायलास. तवा कुठं गेलती ही जीभ?"

मी पिक्चर बंद केला.

"ती वाजवत हुती," ते म्हणाले. "माझ्या पाठीशी वाजवत हुती. मी हसत हुतो." मला वाटलं आता जा म्हणतील. मी उठायच्या बेतात होतो. त्यांनी मान किंचित तिरपी केली, मोरीकडं कान लावल्यासारखी, आणि विचारलं,

"पाणी किती हाय आता?"

फोन माझ्या हातातच होता. तासापूर्वीचा आकडा त्यात आलेला होता, गल्लीच्या ग्रुपवर, खाली चार अंगठे. मी फोन खिशात घातला.

"थांबा," मी म्हणालो. "बघून सांगतो."

मधली खोली ओलांडून मागच्या दारापाशी गेलो. कडी गंजलेली, दोन हातांनी ओढावी लागली. दार उघडलं. नाला नव्हताच. पलीकडची भिंत आणि आण्णांचं दार यांच्यामध्ये एक तपकिरी, सपाट, हळूहळू फिरणारी गोष्ट होती, आणि तिच्यावर कुणाच्यातरी परसातलं केळीचं झाड आडवं तरंगत चाललं होतं, नदीकडून वर, उलट्या दिशेनं. पावसाचा टिपूस नव्हता. आवाजही नव्हता. मी वाकून पायऱ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या, वरून खाली, एकेकीवर बोट रोखून.

"आण्णा," मी तिथूनच ओरडलो, "तिसरी पायरी दिसत नाही!"

"खात्री हाय?"

"डोळ्यानं बघतोय."

मी परत आलो तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात धरून उठायला सुरुवात केली होती. पाय साथ देत नव्हते. माझ्याकडं अजूनही बघत नव्हते. भिंतीवरच्या फोटोकडं हात करून म्हणाले, "आधी तिला काढ." मी फोटो खिळ्यावरून काढला. तो त्यांनी छातीशी धरला आणि दुसरा हात माझ्यापुढं केला.

"बघत काय ऱ्हायलास? उचल."

मी पाठ वळवून खाली वाकलो. त्यांचे हात माझ्या गळ्याभोवती पडले, फोटोची चौकट माझ्या पाठीला टोचू लागली, आणि मी त्यांना घेऊन तालमीच्या दिशेनं चालायला लागलो.